साडेनऊचं आभाळ

सोलांज द्युत्रेची नक्कल करता येत नाही असा माणूस कास्तेलबू गावात शोधूनही सापडला नसता. नक्कल सोपी होती. मान जराशी वाकडी करायची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, आभाळाकडे न बघता हातातल्या कागदाकडे बघायचं आणि घसा साफ करून म्हणायचं, "दुपारनंतर... शक्यता नाकारता येत नाही." खाटकाच्या दुकानात कुणी विचारलं, "बदकाची तंगडी आहे का आज?" की खाटीक सुरी पुसत मान वाकडी करायचा. "शक्यता नाकारता येत नाही, मादाम." एका लग्नात नवरी अर्धा तास आली नाही तेव्हा खुद्द पाद्रीबाबांच्या तोंडून ते वाक्य निसटलं होतं आणि अख्खं चर्च रुमालात तोंड खुपसून हसलं होतं. सोलांजही हसली होती. न हसून सांगते कुणाला?

अठ्ठावन्न वर्षांची ही बाई द्राक्षबागायतदारांच्या सोसायटीत कारकून होती. पावत्या, पत्रं, टपाल हे तिचं पगाराचं काम. बिनपगारी काम मे ते सप्टेंबर: आज गावावर गारा पडणार की नाही, हे सांगणं. जिल्ह्याची हवामान कचेरी रोज सकाळी फॅक्स पाठवायची, "जिल्ह्यात काही ठिकाणी वादळी पाऊस." जिल्ह्याची लांबी शंभर किलोमीटर. त्यातलं 'काही ठिकाण' म्हणजे आपण की शेजारी, हे ठरवायला सोलांज. सोसायटीच्या मागे कुंपणात पांढरी लाकडी पेटी होती. तिच्यात एक कोरडा थर्मामीटर, एक ओल्या चिंधीचा. छपरावर वारादर्शक कोंबडा. आणि बोर्दोहून रोज पहाटे जो फुगा आभाळात सोडतात त्याचे आकडे. एवढ्या भांडवलावर सव्वीस वर्षं ती हे सांगत आली होती.

सांगायचं कुणाला, तर अकरा शेगड्यांना. गावाभोवती अकरा बागायतदारांच्या बांधावर अकरा लोखंडी शेगड्या होत्या, माणसाच्या कमरेइतक्या उंच, वर धुराडं. त्यांत चांदीच्या क्षाराचं औषध जाळायचं. धूर ढगात चढतो आणि अंड्याएवढ्या चार गारांऐवजी वाटाण्याएवढ्या चारशे होतात, असा सगळ्यांचा विश्वास. अट एकच: शेगडी वादळाच्या तीन तास आधी पेटली पाहिजे. ढग दिसल्यावर पेटवणं म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणं. आणि गंमत अशी की आपल्या शेगडीचा धूर आपल्या कामाचा नसतो. तो वाऱ्यापुढच्या शेजाऱ्याच्या वेलींवर जातो. आपली बाग वाचायची तर वाऱ्यामागच्या शेजाऱ्याने जेवण सोडून उठायचं.

निरोपाची साखळी होती. सोलांजने एक नंबरला फोन करायचा, एकाने दोनला, दोनाने तीनला. अकरा नंबरने परत सोलांजला फोन करून साखळी मिटवायची. वीस-पंचवीस मिनिटांत काम फत्ते. अकरा नंबर म्हणजे तिचा धाकटा भाऊ एमिलियाँ. पंधरा वर्षं तूलूझच्या कारखान्यात घालवून तो गावी परतला होता आणि बापाच्या पडीक उतारावर त्याने एकट्याने वेली लावल्या होत्या. खड्डे स्वतः खणले, खुंट स्वतः ठोकले. पाचवं वर्ष चालू होतं आणि पहिल्यांदाच वेली घोसांनी लगडल्या होत्या. रोज संध्याकाळी तो सोसायटीच्या दारातून डोकं आत घालून विचारायचा, "काय गं, माझ्या पोरींवर कुणाची वाईट नजर?" आणि सोलांज म्हणायची, "निघ. पावत्या चुकतील माझ्या."

सत्त्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात मात्र तिचे ग्रह फिरले. जूनपासून चार वेळा तिने शेगड्या पेटवायला लावल्या आणि चारही वेळा आभाळाने गावाला दात काढून दाखवले. सोलांजच्या भाषेत, झाकण उघडलं नाही. खाली दमट हवा, वर गरम कोरड्या हवेचा थर. पातेल्यावर झाकण असावं तसा. खालून पुरेशी आच लागली तर झाकण उडतं आणि मग काय उतू जाईल सांगता येत नाही. आच कमी पडली तर पातेलं नुसतं धुमसत राहतं आणि लोक म्हणतात, सोलांजने पुन्हा फुकट उठवलं.

जुलैच्या सभेत शेगडी मंडळाचे अध्यक्ष, एक नंबरचे बारेर, उभे राहिले. बारेर रस्त्यात भेटले की तिला अगं-तुगं करायचे, पण सभेत 'आपण'च्या खाली उतरायचे नाहीत. घरी बायकोशीसुद्धा ते मुद्देवार बोलायचे असं ऐकिवात होतं: मुद्दा पहिला, सूप; मुद्दा दुसरा, मीठ.

"मुद्दा पहिला," बारेर म्हणाले, "मादाम द्युत्रे यांच्या निष्ठेबद्दल दुमत नाही. मुद्दा दुसरा, चार वेळा माणसं शेतातून उठून आली. मुद्दा तिसरा, आणखी एकदा असं झालं तर हे मंडळ बंद करण्याचा ठराव मी स्वतः मांडणार."

"मांडाच," मागून सात नंबरचा फुलजांस पुई ओरडला. फुलजांस साधं बोलायचा नाहीच. तो फोनवरही असा बोलायचा की फोन नसता तरी चाललं असतं. "मागच्या खेपेला दोरीवरच्या माझ्या सगळ्या शर्टांना धुराचा वास लागला. बायको म्हणते, गारा परवडल्या."

सगळे हसले. एमिलियाँ हसला नाही. घरी जाताना तो म्हणाला, "तू त्यांचं मनावर घेऊ नकोस. तुला वाटलं की फोन कर."

"हो," सोलांज म्हणाली. पण ते मनावर घेऊनच ती झोपायला गेली.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी दहाला म्हाताऱ्या अबादींची अंत्ययात्रा होती. सहा नंबरची शेगडी त्यांचीच. सोलांज काळे कपडे घालून साडेआठलाच सोसायटीत आली, कारण मेलेल्या माणसासाठी आभाळ सुट्टी घेत नाही. फॅक्सवरचे फुग्याचे आकडे तिने कागदावर मांडले. झाकण होतं, पण पातळ. तेहतीस अंशांना उडेल असं. खाली हवा पिळून काढावी इतकी दमट. वर, डोंगराच्या बाजूने, वारा उंचीगणिक जोर धरत आणि दिशा बदलत गेलेला. ती अंगणात आली. नैर्ऋत्येला, खूप उंचावर, छोट्या छोट्या ढगांची एक रांग होती. खाली सपाट, वर बुरुज फुटलेले, जसा कुणी लांबवर किल्ल्याचा तट चितारून ठेवावा. सकाळी सकाळी असे ढग सव्वीस वर्षांत तिने सहा-सात वेळा पाहिले होते. एकदाही ते खोटे निघाले नव्हते.

घड्याळात साडेनऊ झाले होते. तिला कळलं. वाटलं नाही, कळलं. तीनच्या सुमाराला, नैर्ऋत्येकडून, गावावर.

ती फोनपाशी गेली. सगळे या वेळी घरीच होते, कोट घासत, टाय शोधत. बारेरांचा नंबर तिला झोपेतही पाठ होता. तिने रिसीव्हर उचलला आणि कानात बारेरांचाच आवाज आला, फोन न लावताच. मुद्दा तिसरा. आणि प्रेत उचलायला अर्धा तास असताना शेगड्या पेटवायला सांगायचं? पाचव्यांदा फुकट गेलं तर? मंडळ बंद. मग पुढच्या वर्षी एमिलियाँच्या वेलींना कोण? बाराला थर्मामीटर वाचू, तिने ठरवलं. बाराला एकतीस असला तर तीनपर्यंत तेहतीस होणारच. मग कुणी तोंड उघडायचं नाही. बारा ते तीन, तीन तास. बसतंय गणित. तिने रिसीव्हर खाली ठेवला.

चर्चमध्ये ती एमिलियाँच्या शेजारी बसली. पुढच्या बाकावर सात, आठ आणि नऊ नंबर आपल्या बायकांसह ओळीने बसले होते. फुलजांसची तांबडी मान तिच्यापासून हातभर अंतरावर होती. नुसतं वाकून कानात सांगायचं होतं. पाद्रीबाबा अबादींच्या कष्टांबद्दल सांगत होते. सोलांज फुलजांसच्या मानेवरून ओघळणारा घाम बघत होती आणि मनात म्हणत होती, बाराला. बाराला वाचू.

कबरस्तानातून बाहेर पडताना फुलजांसने त्याच्या मते कुजबुजून विचारलं. खड्डा बुजवणाऱ्यांनीही मागे वळून पाहिलं. "सोलांज, आज आम्हाला नीट जेवू देणार ना?"

बारेर दोन पावलांवर उभे होते. तिच्याकडेच बघत होते.

"बघू," सोलांज म्हणाली.

"बघू! आज तर शक्यतासुद्धा नाही म्हणाली," फुलजांसने बायकोला सांगितलं. "चल, पोटभर जेवू."

बाराला कोरडा थर्मामीटर साडेएकतीस दाखवत होता. ओलाही त्याच्या फार मागे नव्हता, म्हणजे हवा पाण्याने जड. छपरावरच्या कोंबड्याने तोंड आग्नेयेला फिरवलं होतं. सोलांजने पुन्हा एकदा आकडे तपासले, मग आणखी एकदा, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी बारेरांना फोन केला.

"आपली खात्री आहे, मादाम?" बारेरांनी विचारलं. म्हणजे घरात बसूनही ते सभेतच होते.

"आहे."

"नोंद घेतो," बारेर म्हणाले आणि दोन नंबरला फोन लावला. दोनाने तीनला सांगितलं. तीनने चारला, चारने तोंडातला घास न गिळता पाचला. पाच म्हणजे लेओंतीन काझो. आणि लेओंतीनने फोन ठेवला, हात पुसले आणि पुढचा फोन केला नाही.

साडेबारा झाले. पाऊण झाला. साखळी मिटेना. सोलांजने लेओंतीनला फोन लावला.

"अगं हो, मिळाला ना निरोप," लेओंतीन म्हणाली. ती कायम असं बोलायची जणू फोन घेतल्याबद्दलही माफी मागायला हवी. "माझी शेगडी केव्हाच पेटली. पण पुढे कसा करणार फोन? अबादींकडे जेवण चालू आहे. मयताच्या जेवणात फोन वाजवायचा का गं? बरं दिसतं का ते?"

"मग सातला करायचा. नियम आहे, एकाने उचलला नाही तर पुढच्याला."

"पण सातही तिथेच जेवताहेत. आठही. नऊसुद्धा. अख्खी रांगच बसलीये पानावर. माझ्यापुढे दहा नंबरची म्हातारी आणि तुझा एमिलियाँ, दोघंच घरी. तिला करणार होते, पण मध्येच चार जण गाळून तिला करायचा म्हणजे ती विचारणार का गाळले, मग सगळं सांगत बसा. मी दीडला कॉफीला जाणारच आहे तिथे. हळूच कानात सांगते एकेकाच्या."

सोलांजने फोन ठेवला. अबादींचा नंबर फिरवला. सतत एंगेज. नंतर कळलं, मयताचं जेवण शांततेत व्हावं म्हणून सुनेने रिसीव्हर काढून ठेवला होता, जसा या गावात सगळेच ठेवतात. मग तिने दहा नंबरच्या म्हातारीला फोन केला आणि लगेच एमिलियाँला. त्याने पहिल्या घंटेला उचलला, "पेटवतो" म्हणाला आणि ठेवला. त्याचा धूर त्याच्या काही कामाचा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. त्याच्या उताराचं जे काही व्हायचं ते सहा, सात, आठ आणि नऊच्या हातात होतं, आणि त्या हातांत आत्ता काटे होते.

ती गाडी घेऊन निघाली. पोचली तेव्हा एक वीस. अबादींच्या धान्याच्या कोठारात लांबलचक टेबल मांडलं होतं, पांढरी चादर, पंचवीसेक माणसं. थोरला मुलगा हातात पेला घेऊन उभा होता आणि बापाबद्दल काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. शब्द अडकत होते. सोलांज दारात थांबली. त्याचं बोलणं मध्येच तोडणं तिला जमलं नाही. तो सावकाश बोलला. मध्ये रडला. पुन्हा बोलला. तिच्या मागे, कोठाराच्या छपरावरून, नैर्ऋत्येला एक पांढरा खांब वर चढत होता, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा घट्ट, आणि तो चढण्याचा वेग नुसत्या डोळ्याला दिसत होता.

पेले टेकले गेले तेव्हा ती म्हणाली, "माफ करा. शेगड्या पेटवायच्यात. आत्ता."

कुणी हललं नाही. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच घसा साफ केला, अगदी तिच्यासारखा, आणि एक-दोन तरण्यांनी माना खाली घातल्या.

म्हाताऱ्या अबादीबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. "सोलांज," त्यांनी विचारलं, "आज माझ्या घरी येऊन सांगतेस. नक्की ना?"

"नक्की."

"मग उठा," बाई म्हणाल्या. "चीज झाकून ठेवते मी."

ते उठले. पण कसे उठले? रुमाल घडी करून ठेवले, यजमानिणीला नमस्कार केला, बायकांच्या पर्सा शोधल्या. फुलजांस दारातून जाताना तिला म्हणाला, "आता मात्र पडल्याच पाहिजेत हं गारा. नाहीतर तू गावात तोंड दाखवू नकोस."

सात, आठ, नऊ पेटल्या तेव्हा दोन वाजत आले होते. सहा तर त्याहून उशिरा. तिच्या धुराड्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. दोन पन्नासला पहिला वारा आला, गार, ओल्या मातीचा वास घेऊन. सोलांज फुलजांसच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरून सूर्यावर आला होता आणि पोटाला हिरवट झाक होती. शेगडीचा धूर आडवा होऊन जमिनीवर लोळला. तो ढगापर्यंत गेला की नाही, देव जाणे.

मग पत्रा वाजायला लागला. आधी एक, मग दोन, मग मोजण्याच्या पलीकडे. अक्रोडाएवढ्या, काही त्याहून मोठ्या. नऊ मिनिटं. फुलजांस तिच्या तोंडासमोर तोंड आणून ओरडत होता. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. तिसऱ्या खेपेला तिला ओठांवरून कळलं. तो म्हणत होता, "बरोबर निघालं तुझं. बरोबर निघालं."

चारला एमिलियाँ सोडून सगळे सोसायटीच्या अंगणात जमले. पाय ठेवावा तिथे हिरव्या पानांचा चिखल. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाच्या गाडीची काच गेलेली. बारेर उभे राहिले. त्यांच्या स्वतःच्या वेली अर्ध्या उरल्या होत्या आणि आवाज जरा फाटला होता, पण मुद्दे शाबूत होते.

"मुद्दा पहिला, नुकसान. तो नंतर. मुद्दा दुसरा, मादाम द्युत्रे यांनी बारा दहाला इशारा दिला. बारा दहाला. जिल्ह्याने तर दोनला दिला. शेगड्या वेळेवर पेटल्या नाहीत हा आपला दोष, साखळीचा दोष. मी त्यांची जाहीर माफी मागतो. मंडळ चालू राहील."

लेओंतीन हुंदके देत होती. "माझ्यामुळे झालं गं सगळं. मी आपली लोकांच्या जेवणाचा विचार करत बसले." दोघी-तिघी तिची पाठ थोपटत होत्या आणि सोलांजचीही. खाटीक म्हणाला, "मानलं बाई तुला. मिनिटानेही चुकली नाहीस." तो नक्कल करत नव्हता. कुणीच करत नव्हतं.

सोलांजला तोंड उघडायचं होतं. तिने लेओंतीनकडे पाहिलं आणि उघडलं नाही.

गारा पडल्यावर तिचं आणखी एक काम असायचं. प्रत्येक शेगडीजवळ खांबावर फोमची पांढरी पाटी लावलेली असायची. गारांचे खड्डे तिच्यावर उमटायचे. ते मोजून, मापून तक्त्यात भरायचे. सहाच्या सुमाराला ती फिरायला निघाली. पाचवर दोनशे दहा खड्डे. सातवर मोजता मोजता तिने सोडून दिलं. आणि मोजून तरी काय कळणार होतं? दहाच्या आत शेगड्या पेटल्या असत्या तर या गारा वाटाण्याएवढ्या झाल्या असत्या, की अशाच पडल्या असत्या? ते सिद्ध करून दाखवणारी पाटी कुठेच लावलेली नव्हती. ती निर्दोष असेल, ती सगळ्याला कारण असेल. मरेपर्यंत कळायचं नाही.

एमिलियाँचा उतार तिने वळणावरूनच पाहिला आणि गाडी बंद केली. पानं नव्हतीच. नुसत्या काठ्या, साली सोललेल्या, वाऱ्याकडच्या बाजूने पांढऱ्या. घोस खाली पडून चिरडलेले, हिरवे, कच्चे. ओळींच्या मुळाशी गारांचे ढीग अजून होते आणि त्यांतून वाफ निघत होती. एमिलियाँ फावड्याने ते बाजूला करत होता, एका वेलीपासून दुसऱ्या वेलीकडे, घाई न करता. पाटीचे दोन तुकडे झाले होते. त्याने ते उचलून तिच्या हातात दिले.

"बारेर सांगत होते फोनवर," तो म्हणाला. "बारा दहा."

"हो."

"मी म्हटलं त्यांना, माझी बहीण आहे ती. बारा दहाला म्हणजे बारा दहाला." त्याने फावडं टेकवलं. "तुला कधी कळलं?"

फार सोपं होतं. बारा म्हणायचं. सगळं गाव बारा म्हणत होतं.

"साडेनऊला," सोलांज म्हणाली.

त्याने खाली गावाच्या दिशेला पाहिलं. जणू घड्याळाचे काटे मागे फिरवत त्या वेळी कोण कुठे होतं ते बघत होता.

"साडेनऊला सगळे घरी होते."

"हो."

"मग तू चर्चमध्ये आलीस. माझ्या शेजारी बसलीस. मी तुला स्तोत्राचं पान काढून दिलं."

"पाचव्यांदा फुकट गेलं असतं तर मंडळ बंद झालं असतं, एमिलियाँ. मग पुढच्या वर्षी तुझ्या—"

"हो," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी."

तो चिडला असता तर तिला उभं राहता आलं असतं. तो चिडला नाही. त्याने पुन्हा फावडं उचललं, आणखी दोन वेली मोकळ्या केल्या, आणि तिसरीपाशी मागे न वळता म्हणाला, "हे गावात सांगू नकोस."

"मी सांगणार आहे. लेओंतीन बिचारी—"

"नको सांगूस. मला त्यांच्यात बसायचंय. रोज कुणीतरी हात धरून म्हणेल, बहिणीचं असं झालं ना रे. मला ते ऐकायचं नाहीये."

ती पाटीचे तुकडे धरून उभी राहिली. शेडच्या दाराशी मोरचुदाची पोती काढून ठेवली होती. सोललेल्या काड्यांवर औषध बसलं नाही तर बुरशी आत शिरते आणि पुढच्या वर्षीचं लाकूडही जातं. हे आज-उद्यात करावंच लागतं. औषध बसायला कोरडे सहा तास हवेत. दर उन्हाळ्यात एमिलियाँ तिला विचारूनच टाकी भरायचा.

वाऱ्याने दिशा बदलली होती. पश्चिम धुऊन काढल्यासारखी स्वच्छ होती, हवा हलकी. यापेक्षा सोपं आभाळ तिने महिनाभरात पाहिलं नव्हतं.

"उद्या दुपारपर्यंत कोरडं राहील," ती म्हणाली. "आत्ता फवारलंस तरी चालेल."

एमिलियाँने फावडं शेडच्या भिंतीला टेकवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो ओळीच्या टोकापर्यंत चालत गेला, कपाळावर हात धरून पश्चिमेकडे बघत राहिला, मग दक्षिणेकडे, मग पुन्हा पश्चिमेकडे, ज्याला आभाळातलं काहीएक कळत नाही अशा माणसासारखा बराच वेळ. मग परत आला, मोरचुदाची पोती एकेक करून शेडच्या आत ओढली आणि दार लावून घेतलं.